तेजाचें माप

इसवी सन २०२० च्या महाशिवरात्रीची गोष्ट. रात्रीं साडेआठाच्या सुमारास आम्ही आमच्या घराच्या गच्चीवर उभे होतों आणि शेजारीं आमची मंडळी उभी होती. तिचा दिवसभराचा उपास, त्यांत दोन जिने चढण्याचा त्रास. तेव्हां ती केवळ आमच्या आग्रहाखातर वर आली होती, हें प्रथमच सांगून टाकणें बरें. चंद्र पहांटे उगवावयाचा असल्यामुळें आकाश काळेंभोर होतें. निदान शहराच्या कडेला तें जितकें काळें राहूं शकतें तितकें होतें. मृग नक्षत्र डोक्यावर आलें होतें. त्याच्या एका खांद्यावर जो तांबूस तारा दिसतो, त्याला आपल्याकडे आर्द्रा म्हणतात व पाश्चात्त्य ज्योतिषी बेटेलज्यूज म्हणतात. दुसऱ्या खांद्यावरच्या निळसर पांढऱ्या ताऱ्याचें नांव बेलाट्रिक्स. एरवीं या दोघांची तुलनाच नसते. आर्द्रा ठळक, बेलाट्रिक्स फिका. परंतु त्या हिंवाळ्यांत आर्द्रा एकाएकीं मंदावत चालली होती, आणि ती आतां बेलाट्रिक्सच्या पंगतीस येऊन बसली आहे, असें आम्हीं आदल्याच दिवशीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें. आर्द्रेचा स्वामी रुद्र, आणि रात्र शिवाची. तेव्हां हा योग दवडूं नये असें आम्हांस वाटलें.

आम्हीं मान वर केली, क्षणभर पाहिलें आणि निकाल दिला, “अगदीं सारखे झाले आहेत.”

मंडळीनें तो मजकूर वाचला नव्हता. ती बराच वेळ कांहीं न बोलतां पाहत राहिली. मग म्हणाली, “मला तो तांबडा थोडा जास्त वाटतो. पण एक तांबडा, एक पांढरा. जास्त कोण हें सांगावें तरी कसें?”

आम्हीं तिला समजावून सांगितलें कीं, शास्त्रज्ञांनीं यंत्रांनीं मोजून दोघांना सारखें ठरविलें आहे. तेथें आपल्या वाटण्याला विचारतो कोण? त्यावर ती म्हणाली, “अहो, पण तुम्हीं आतां पाहिलें, कीं काल वाचलें?”

एवढें बोलून ती साबुदाण्याची खिचडी निवेल म्हणून खालीं निघून गेली. आम्ही मात्र गच्चीवरच राहिलों. आमचा धंदा पदार्थविज्ञान शिकविण्याचा. ताऱ्यांचें तेज कसें मोजतात या विषयावर पंचवीसांहून अधिक वर्षें आम्हीं वर्गांत व्याख्यानें दिलीं आहेत. असें असतां एका साध्या प्रश्नानें आम्हांस निरुत्तर व्हावें, ही गोष्ट मनाला लागली; आणि ती कां लागली याचा उलगडा करीत असतां वीस-बावीस वर्षांपूर्वींचा एक विद्यार्थी आमच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. त्याची हकीकत पुढें येईलच. तत्पूर्वीं तेजाचें माप म्हणजे काय प्रकरण आहे, तें वाचकांस थोडक्यांत सांगणें जरूर आहे.

ताऱ्यांच्या तेजाच्या प्रती लावण्याची चाल फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांत टॉलेमीनें जी ताऱ्यांची यादी दिली, तींत सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे व नुसत्या डोळ्यांस जेमतेम दिसणारे तारे सहाव्या प्रतीचे, असे वर्ग केलेले आहेत. ही प्रतवारी अर्थातच डोळ्यांनीं केलेली. बाजारांत आंब्यांच्या राशी लावतात त्यांतलाच प्रकार. तिला गणिताचा आधार दिला तो नॉर्मन पॉगसन यानें, १८५६ सालीं. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या शंभर पट तेजस्वी धरावा, म्हणजे एका प्रतीचें अंतर सुमारें २.५१२ पटीचें होतें, असा नियम त्यानें सुचविला, आणि तोच आजही जगभर चालतो. हा पॉगसन पुढें १८६१ सालीं मद्रासच्या वेधशाळेचा प्रमुख होऊन आला व १८९१ सालीं तेथेंच वारला. या मापानें आर्द्रेची नेहमींची प्रत सुमारें ०.५ आहे. त्या फेब्रुवारींत ती १.६ पर्यंत उतरली, म्हणजे तिचें तेज नेहमींच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडेंसेंच अधिक उरलें.

परंतु मोजणाऱ्याचा डोळा म्हणजे कांहीं तराजू नव्हे. आमच्या मंडळीला जी अडचण पडली, ती मोठमोठ्या निरीक्षकांना पडत आलेली आहे. मंद प्रकाशांत आपल्या डोळ्याला निळा रंग अधिक उजळ भासतो व तांबडा कमी. उलट, तांबड्या ताऱ्याकडे टक लावून पाहत राहिलें, तर तो हळूहळू अधिक तेजस्वी दिसूं लागतो. म्हणून असे तारे ओझरते पाहावे, त्यांच्यावर नजर खिळवूं नये, असा अनुभवी निरीक्षकांचा सल्ला असतो. तेव्हां आमच्या मंडळीला आर्द्रा थोडी अधिक वाटली ती कदाचित् या डोळ्याच्या खोडीमुळेंच. पुढें असें प्रसिद्ध झालें कीं, आर्द्रेचें तेज फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यांत तळास जाऊन नंतर पुन्हां वाढूं लागलें होतें. पण तेवढ्यावरून ती बरोबर ठरली असें आम्ही म्हणत नाहीं. त्या रात्रींचा फरक इतका सूक्ष्म होता कीं, साध्या डोळ्यांच्या साक्षीवर त्याचा निवाडा करतां येणार नाहीं. आमचें म्हणणें निराळेंच आहे. तिचें उत्तर चुकीचें असेल, पण तें तिचें होतें. आमचें उत्तर बरोबर असेल, पण तें आमचें नव्हतें.

हा भेद शास्त्रांत किती मोलाचा आहे, तें आजची प्रकाशमापनाची रीत पाहिली म्हणजे कळतें. आतां डोळ्याच्या जागीं सीसीडी नांवाची सिलिकॉनची चिप बसविलेली असते. ताऱ्याचा प्रकाश तिच्यावर पडला कीं, त्याच्या प्रमाणांत तींत विद्युत्कण सांठतात व ते मोजले जातात. परंतु मोजून आलेला आंकडा ज्योतिषी तसाच उचलीत नाहीं. तो दुर्बिणीचें झांकण लावून एक चित्र घेतो. प्रकाश मुळींच नसतां यंत्र स्वतःच्या पदरचें किती घालतें, तें त्यावरून समजतें. मग संध्याकाळच्या एकसारख्या उजेडाचें चित्र घेतो. चिपेचा कोणता भाग आळशी व कोणता चलाख, हें त्यांत उघड होतें. ताऱ्याभोंवतींच्या आकाशाची जी उजळी असते तीही तो वजा करतो. शेवटीं त्याच चित्रांतील, ज्यांचें तेज बदलत नाहीं अशा शेजारच्या ताऱ्यांशीं तुलना करून हवेनें खाल्लेल्या प्रकाशाची भरपाई करतो. एवढे सोपस्कार झाल्यावर एका प्रतीच्या शंभराव्या हिश्श्यापर्यंत, कधीं त्याहूनही बारीक, माप मिळतें. या साऱ्या खटपटीचें मर्म एवढेंच कीं, दोष प्रत्येक मापांत असतोच. मात्र खरोखर घेतलेल्या मापांतला दोष शोधून काढतां येतो. जें माप घेतलेंच नाहीं, नुसतें कोठून तरी उतरून घेतलें, त्यांतून वजा काय करणार?

तेज किती हें कळलें, तरी तें कां घटलें हें प्रकाशमापन सांगत नाहीं. तें सांगावयास वर्णपट लागतो. १८३५ सालीं ओग्युस्त काँत या फ्रेंच तत्त्ववेत्त्यानें असें प्रतिपादन केलें होतें कीं, तारे कशाचे बनलेले आहेत हें मनुष्याला कधींच कळणार नाहीं. मौज अशी कीं, जें कळणार नाहीं म्हणून तो सांगत होता, त्याची किल्ली आधींच सांपडून गेलेली होती. जर्मनींतील फ्राउनहोफर यानें १८१४ सालीं सूर्यप्रकाशाच्या वर्णपटांत पांचशेंहून अधिक काळ्या रेषा पाहून त्यांचा नकाशा काढला होता. त्या रेषांचा अर्थ लावावयास मात्र १८५९ साल उजाडावें लागलें. चुलींत मिठाचा खडा पडला कीं जाळ पिवळा होतो, हें आपल्या घरांतील कोणतीही बाई सांगेल. तो पिवळा रंग सोडियमचा. आणि ज्या ठिकाणीं जाळांत ती पिवळी रेषा दिसते, नेमक्या त्याच ठिकाणीं सूर्याच्या वर्णपटांत काळी रेषा असते, हें किर्खोफ व बुन्सेन यांनीं दाखवून दिलें. तप्त वायु जे रंग ओकतो, तेच रंग तो आपल्यामधून जाणाऱ्या प्रकाशांतून गिळतो. काँतच्या मृत्यूला तेव्हां दोनच वर्षें झालीं होतीं.

आर्द्रेच्या बाबतींत हीच किल्ली लावली गेली. एमिली लेव्हेस्क व फिलिप मॅसी या अमेरिकन ज्योतिष्यांनीं त्याच फेब्रुवारीच्या मध्यास तिचा वर्णपट घेतला. त्यांतील टायटॅनियम ऑक्साइडच्या पट्ट्यांवरून तिचें तपमान सुमारें ३६०० केल्व्हिन निघालें. २००४ सालीं त्यांनींच काढलेलें तपमान ३६५० होतें. इतकें तेज घटावयास तारा याहून कितीतरी अधिक थंड व्हावयास हवा होता. त्या अर्थीं तो निवलेला नसून त्याच्या तोंडावर धुळीचा पदर आला असावा, असें अनुमान त्यांनीं बांधलें. चिली देशांतील मोठ्या दुर्बिणीनें घेतलेलीं चित्रें २०२१ सालीं प्रसिद्ध झालीं, त्यांत आर्द्रेच्या बिंबाचा दक्षिणेकडील भाग काळवंडलेला दिसला. ताऱ्यानें बाहेर टाकलेल्या वायूपासून धूळ बनून ती आड आली व पृष्ठभागाचा कांहीं भागही थंड झाला, असा आतां समज आहे. ही उलथापालथ आपल्याला २०२० सालीं दिसली खरी. पण आर्द्रा कित्येक शतकांच्या प्रकाशप्रवासाइतकी दूर असल्यामुळें ती प्रत्यक्षांत केव्हांच घडून गेलेली होती.

वर्णपटाचा विषय निघाला म्हणजे आम्हांस पुण्याच्या एका विसरलेल्या माणसाची आठवण होते. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्यें अध्यापक होते. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनीं दिलेल्या देणगीच्या आधारावर त्यांनीं कॉलेजच्या आवारांत १८८८ सालीं वेधशाळा उभी केली, आणि तींत वीस इंच व्यासाची दुर्बीण बसविली. मृगांत जो तेजोमेघ आहे, त्याच्या वर्णपटांत एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती कोणत्या पदार्थाची, हा त्या काळीं मोठा वाद होता. नॉर्मन लॉकियर यांचें मत असें कीं, ती मॅग्नेशियमच्या पट्ट्याची उरलेली कडा आहे. आणि तसें असेल तर ती एका बाजूस पुसट दिसावयास पाहिजे. लॉकियर म्हणजे कोणी सामान्य मनुष्य नव्हे. ‘नेचर’ या शास्त्रीय साप्ताहिकाचे ते संस्थापक-संपादक. १८९८ चें खग्रास ग्रहण पाहण्यासाठीं आपल्या विजयदुर्गास येऊन उतरले होते तेच हे. असा अधिकारी पुरुष रेषा पुसट असली पाहिजे म्हणतो. तेव्हां वसाहतींतील एका नव्या वेधशाळेंतल्या अध्यापकाला ती पुसट दिसणें किती सोयीचें होतें! नायगमवाला यांनीं १८९१ च्या सुमारास ती रेषा पुण्याहून पाहिली. ती त्यांना रेखीव दिसली, आणि त्यांनीं ती रेखीव आहे असेंच प्रसिद्ध केलें. ती रेषा कशाची, हें त्यांनाही ठाऊक नव्हतें. तें कोडें बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२७ सालीं सोडविलें. दोन विद्युत्कण गमावलेल्या ऑक्सिजनची ती रेषा. मॅग्नेशियमचा तिच्याशीं कांहीं संबंध नाहीं. १९१२ सालीं नायगमवाला सेवानिवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली व तिचीं यंत्रें कोडाईकनालला गेलीं.

याच्या उलट बाजूचेंही एक उदाहरण आहे, आणि तें सांगतांना आम्हांस कोणास दोष द्यावयाचा नाहीं. मेघनाद साहा यांनीं १९२० सालीं जें समीकरण मांडलें, त्यामुळें वर्णपटांतील रेषांच्या गडदपणावरून ताऱ्याचें तपमान व त्यांतील द्रव्यांचें प्रमाण काढणें शक्य झालें. त्याचा उपयोग करून सिसिलिया पेन या तरुण इंग्रज विदुषीनें हार्वर्ड येथें १९२५ सालीं आपला प्रबंध लिहिला. तिच्या हिशेबांत तारे मुख्यतः हायड्रोजनचे निघाले. परंतु तारे पृथ्वीसारख्याच द्रव्यांचे असतात, असें सर्व विद्वान तेव्हां मानीत होते, आणि त्यांचे अग्रणी हेन्री नॉरिस रसेल यांनीं तिला हा निष्कर्ष अशक्य आहे असें कळविलें. तेव्हां आपलाच आंकडा बहुधा खरा नसावा, असें तिनें आपल्याच प्रबंधांत लिहून ठेविलें. चार वर्षांनीं रसेल स्वतःच्या मार्गानें त्याच ठिकाणीं येऊन पोहोंचले आणि तिचें म्हणणें सर्वमान्य झालें. पंचविशींतल्या त्या मुलीनें पाहिलें होतें बरोबर. पण ज्यांच्या हातीं तिचें भवितव्य होतें, त्यांनीं वाचलेलें निराळें होतें.

येथें आमच्या त्या विद्यार्थ्याकडे वळणें प्राप्त आहे, कारण त्याचें भवितव्य कांहीं अंशीं आमच्या हातीं होतें.

प्रात्यक्षिकाच्या तासाला सोडियमच्या दिव्याचा पिवळा प्रकाश ग्रेटिंगमधून पाहून त्याची तरंगलांबी काढावयाची, हा एक ठराविक प्रयोग असतो. उत्तर पुस्तकांत छापलेलें आहे: ५८९३ आंगस्ट्रॉम. त्या वर्षीं एका यंत्रावर एकामागून एक बारा विद्यार्थ्यांनीं हा प्रयोग केला. अकरा जणांचें उत्तर ५८९३ च्या अगदीं जवळ आलें. बाराव्याचें ५९७० आलें. मुलगा अबोल, खेड्यांतून आलेला. जर्नलांत खाडाखोडही होती. आम्हीं त्यावर लाल शाईनें ‘पुन्हां करा’ असें लिहिलें आणि दहांपैकीं चार गुण दिले. तो म्हणाला, “सर, मी तीनदां केलें. तीनदां तेवढेंच येतें.” आम्हीं म्हटलें, “अरे, मग तीनदां चुकलास.” वर्गांत हंशा पिकला. पुढच्या आठवड्यांत त्यानें जर्नल आणलें तें मोत्यासारख्या अक्षरांत, खाडाखोड नाहीं, उत्तर ५८९३. आम्हीं नऊ गुण दिले, आणि मेहनत केली म्हणजे सर्व कांहीं जमतें, असा उपदेशही केला.

महिन्याभरानें प्रयोगशाळेंतील शिपायानें भीत भीत सांगितलें कीं, तें यंत्र दिवाळीच्या सुटींत साफसफाई करतांना टेबलावरून खालीं पडलें होतें. आम्हीं तें उघडून पाहिलें. व्हर्नियरची पट्टी दुर्बिणीच्या नळीला जखडणारा एक स्क्रू सैल झालेला होता. नळी एका बाजूकडून दुसऱ्या बाजूस नेतांना पट्टी अर्ध्या अंशानें सरकत होती. आम्हीं स्वतः माप घेतलें. उत्तर आलें ५९६८.

म्हणजे त्या यंत्रावर ज्यानें खरोखर पाहिलें होतें असा बारा जणांत एकच होता, आणि आम्हीं त्याला चार गुण देऊन हंसविलें होतें. अकरा जणांनीं पुस्तकांतून उत्तर उचलून त्यावरून उलटे कोन मांडले होते. त्यांना पहाण्याची गरजच पडली नव्हती. आणि बाराव्यालाही ती यापुढें पडूं नये अशी तजवीज आम्हीं केली. आम्हीं स्क्रू आवळला, यंत्र जागेवर ठेविलें आणि या गोष्टीची वाच्यता कोठेंही केली नाहीं. वर्ष संपत आलें होतें, गुण वर पाठविले गेले होते. अशा वेळीं जीं कारणें मनुष्य स्वतःला सांगतो, तीं सर्व आम्हीं सांगितलीं.

महाशिवरात्रीच्या त्या प्रसंगानंतर कोरोनाची सांथ आली, टाळेबंदी आली, आणि तो विषय मनांत तसाच राहिला. पुढें २०२२ सालीं एका लग्नसमारंभांत तो विद्यार्थी भेटला. आतां तो हिशेबतपासनीस आहे. धंद्यांत चांगलें नांव आहे. त्यानें वांकून नमस्कार केला, पत्नीशीं ओळख करून दिली आणि हंसत म्हणाला, “सर, फिजिक्स सगळें विसरलों, पण ५८९३ अजून पाठ आहे.” आम्हीं विचारलें, “आणि पहिल्यांदा तुझें उत्तर काय आलें होतें, आठवतें का?” त्यानें थोडा विचार केला. “पहिल्यांदा कांहींतरी चुकलें होतें, सर. आपण सांभाळून घेतलेंत.” तेवढ्यांत मंगलाष्टकें सुरू झालीं, हातांत अक्षता होत्या, आम्हीं त्याला खरें सांगितलें नाहीं. मंगलाष्टकें संपल्यावरही सांगितलें नाहीं.

आर्द्रेचें तेज २०२० च्या एप्रिल-मेपर्यंत पूर्ववत् झालें. आमच्या मंडळीनें तें एका संध्याकाळीं मावळतीकडे पाहून आम्हांस आपण होऊन सांगितलें, आणि त्या वेळीं आम्हीं वर्तमानपत्र वाचलेलें नव्हतें. तेव्हांपासून आमच्या प्रयोगशाळेंत एक लहानसा नियम चालू आहे: माप शाईनें लिहावयाचें, खोडावयाचें नाहीं, आणि उत्तर पुस्तकाशीं जुळलें नाहीं तर प्रथम यंत्र तपासावयाचें, मग विद्यार्थी. गुण जर्नलाच्या अक्षराला नाहींत. त्यामुळें हल्लीं जर्नलें पूर्वीपेक्षां गलिच्छ येतात, अशी आमच्या सहकाऱ्यांची तक्रार आहे, व ती खरी आहे.

गेल्या महिन्यांत प्रयोगशाळेचें डेड स्टॉक रजिस्टर तपासण्याचें काम आमच्याकडे आलें. त्या यंत्राच्या नांवासमोर शेऱ्याचा रकाना इतकीं वर्षें कोराच होता. त्यांत आम्हीं लिहिलें: ‘व्हर्नियरचा स्क्रू सैल, पट्टी सरकत असे, दुरुस्त केला.’ त्याखालीं लिहिलें: ‘दोष प्रथम ज्याच्या मापांत आढळला तो विद्यार्थी’, आणि त्याचें संपूर्ण नांव, वर्ष, हजेरीक्रमांक, व त्यापुढें ५९७०. या अंकाची एक प्रत त्याच्या पत्त्यावर पाठविण्याचें आम्हीं ठरविलें आहे.